दुसऱ्याच्या कन्सोलवर

मिरवणुकीतला डीजे स्वतःचं सगळं घेऊन येतो. ट्रक, जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायरचे रॅक, स्पीकरची भिंत आणि वर चढून वायरी आवळणारी चार पोरं. तमाशाचा फडही तसाच निघतो, तंबूच्या खुंट्यांसकट. टेक्नो नाहीतर हाउस असलं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवत गावोगाव फिरणारा अंडरग्राउंड डीजे मात्र विमानातून उतरतो तेव्हा त्याच्या खिशात दोन-तीन पेनड्राइव्ह असतात आणि पाठीवरच्या सॅकमध्ये हेडफोन. बास. प्लेअर क्लबचे, मिक्सर भाड्याचा, स्पीकर कुणा साउंडवाल्याचे, वीज तिसऱ्याची आणि श्रोते त्या गावाचे. या पेशाबद्दल जे चकचकीत लिहिलं-दाखवलं जातं त्यात ही उसनवारी कुठे दिसत नाही. पण डीजेचं फिरतं आयुष्य समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. आपलं कौशल्य आपलं, बाकी सगळं दुसऱ्याचं, आणि ते बिघडलं तरी लोकांच्या नजरेत बिघडवलं आपणच.

आधी पेनड्राइव्हचं बोलू, कारण बऱ्याच रात्री तिथेच फसतात. जगभरच्या क्लबांत पायोनियर कंपनीचे सीडीजे, म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी वाजवणारे प्लेअर, हा जवळपास अलिखित नियम आहे. २०२० साली आलेला सीडीजे-३००० मोठ्या ठिकाणी असतो. बाकी ठिकाणी २०१६ चा सीडीजे-२००० नेक्सस टू, आणि कधी त्याच्याही आधीचं मॉडेल, ज्याचं प्ले बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. कुठे काय मिळेल हे फोनवर विचारलं तरी खात्री नसते, म्हणून तयारी सगळ्यात जुन्या यंत्राच्या हिशेबाने करायची. पेनड्राइव्ह फॅट-३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करायचा. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला तो पर्याय वर्षानुवर्षं दिसत नव्हता, म्हणून लोक एक्स-फॅट ही नवी पद्धत निवडून मोकळे होतात. घरच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं आणि क्लबातला नेक्सस टू तो ड्राइव्ह ओळखच दाखवत नाही. विंडोजच्या स्वतःच्या एनटीएफएसचा तर विचारच नको. मॅकवाल्यांची चूक वेगळी: फॉरमॅट बरोबर असतो, पण पार्टिशनची योजना, म्हणजे ड्राइव्हची आतली आखणी, जीयूआयडी या नव्या पद्धतीची राहून जाते, ती एमबीआर या जुन्या पद्धतीची हवी.

मग फाइली. ३२० केबीपीएसचा एमपी-थ्री मिनिटाला सुमारे २.४ एमबी खातो, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबी. म्हणजे सात मिनिटांचा ट्रॅक एकीकडे १७ एमबी, दुसरीकडे ७०. आज जागेचा प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे खरा प्रश्न यंत्र काय वाचतं हा. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेली फाइल, नेक्सस टूच्या आधीचे सीडीजे वाचत नाहीत. वेव्ह सगळे वाचतात, पण काही दुकानांतून आणि काही सॉफ्टवेअरमधून निघालेल्या वेव्हच्या सुरुवातीची नोंद ‘एक्स्टेन्सिबल’ प्रकारची असते. आवाज अगदी साधा असला तरी ती नोंद बघून प्लेअर ई-८३०५ असा एरर दाखवतो आणि ट्रॅक चढवत नाही. रात्री दोन वाजता हा आकडा पडद्यावर बघण्यापेक्षा घरीच सगळं एआयएफएफ या फाइल-प्रकारात बदलून घेणं शहाणपणाचं. आवाज तोच राहतो, शिवाय कलाकाराचं नाव, लेबल, कव्हर अशी माहिती फाइलीला नीट चिकटून राहते. वेव्हमध्ये ती हमखास गळते.

रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्या सॉफ्टवेअरमधून ट्रॅक पेनड्राइव्हवर निर्यात केले की ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढायचा, हे वाक्य इतक्या वेळा सांगितलं जातं की कुणी ऐकत नाही. घाईत ओढला तर फाइली शाबूत आणि यादी मोडलेली अशी अवस्था होते, मग प्लेअरच्या पडद्यावर फोल्डर उघडून फाइलींची नावं वाचत बसा. २०२३ च्या ओपस-क्वाडसारख्या यंत्रांनी आणखी एक भानगड आणली आहे. ती वेगळ्या, नव्या पद्धतीची यादी वाचतात. म्हणून निर्यात करताना जुनी आणि नवी अशा दोन्ही याद्या ड्राइव्हवर ठेवायच्या. आणि ड्राइव्ह कमीत कमी दोन, अगदी हुबेहूब. प्लेअर एकमेकांना लॅन केबलने जोडलेले असले तर एका ड्राइव्हवर तिन्ही प्लेअर चालतात. पण दोन प्लेअरना एकच क्रमांक दिलेला असला, मधला स्विच बंद पडला किंवा केबलची कडी तुटलेली असली की ही जोडणी नाही. अशा वेळी दोन प्लेअरमध्ये दोन ड्राइव्ह घालून रात्र निभावते.

यादीची मांडणी हा खासगी मामला, तरी एक मत ठामपणे मांडतो: शैलीनुसार फोल्डर करू नयेत. ‘डीप हाउस’, ‘मिनिमल’, ‘अ‍ॅसिड’ ही दुकानाची मांडणी झाली. बूथमध्ये उभं राहिल्यावर डोक्यात येतो तो प्रश्न वेगळा असतो. खोली निम्मी रिकामी आहे, लोक भिंतीला टेकलेत, आता काय? म्हणून फोल्डर प्रसंगांचे हवेत: दार उघडल्यावरचा पहिला तास, जमू लागलेली गर्दी, ऐन भर, भर ओसरल्यावर, उजाडताना. प्रत्येकात साठ-सत्तर ट्रॅक पुरतात. चार हजार ट्रॅक घेऊन फिरणारा माणूस शोधत राहतो आणि इकडे चालू ट्रॅकचं शेवटचं मिनिट सुरू झालेलं असतं. सॉफ्टवेअरने काढलेल्या बीपीएमवरही (मिनिटाला किती ठोके) आंधळा विश्वास नको. १७४ चा ड्रम-अँड-बेस ते ८७ दाखवतं, आणि खऱ्या ढोलक्याने वाजवलेल्या जुन्या डिस्कोची लय तर दर सोळा मात्रांनी किंचित सरकते. त्यावर ठोक्यांची एकाच मापाची जाळी टाकली की तिसऱ्या मिनिटाला ट्रॅक घसरलेला असतो. अशा ट्रॅकना हाताने खुणा करून ठेवायच्या, किंवा सरळ कानाने मिसळायचे.

तबकड्यांवर वाजवणाऱ्यांचं दुखणं निराळं. बारा इंची तबकडी वेष्टनासह साधारण सव्वादोनशे ग्रॅम भरते. आपल्या देशी विमानांत केबिनमध्ये ७ किलो नेता येतात, म्हणजे पिशवीसकट जेमतेम तीस तबकड्या. एवढ्यात दोन तास निघतात, चार नाही. उरलेल्या सामानात टाकायच्या तर त्या कुठल्या तरी भलत्याच विमानतळावर पोहोचण्याची धास्ती, आणि मे महिन्यात बंद गाडीत राहिल्या तर वाकण्याची. साठ अंशांच्या पुढे व्हिनाइल मऊ पडू लागतं. काळी गाडी उन्हात उभी असेल तर तो आकडा फार लांबचा नाही.

गोव्यात हाच प्रश्न ऐंशीच्या दशकात आला होता. हणजूणच्या किनाऱ्यावर ऊन, वाळू आणि दमट वारा यांत तबकडी टिकत नसे, म्हणून तिथल्या डीजेंनी आधी कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल आवाजाच्या टेप धरल्या. डॅटवर वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठेके जुळवून एकात एक मिसळणं जवळजवळ अशक्य. मग ट्रॅकच असे बनू लागले की सुरुवातीला आणि शेवटी ठेक्याशिवायचा लांबलचक भाग असेल, म्हणजे एक मावळता मावळता दुसरा उगवेल. गोवा ट्रान्स या तिथल्या संगीतप्रकाराचं ते ओळखीचं रूप बऱ्याच अंशी या यंत्राच्या मर्यादेतून आलं. तिथले जुने डीजे गोवा गिल (१९५१–२०२३) तर जमाना बदलल्यावरही डॅटवरच वाजवत राहिले, तेही चोवीस-चोवीस तासांच्या बैठकी.

टर्नटेबल असलेल्या क्लबात गेलं की एक परीक्षा सगळ्यात आधी घ्यायची. तबकडी थांबलेली ठेवून सुई तिच्यावर टेकवायची, आवाज रात्री लागेल तितका चढवायचा आणि खर्जाची कळ थोडी वर करायची. खालून ‘हूंऽऽ’ असा घुमारा वाढत गेला तर समजायचं की स्पीकरची थरथर टेबलातून सुईत शिरतेय आणि सुईतून परत स्पीकरमध्ये. लाकडी स्टेजवर हे होणारच. उपाय स्वस्त आहे: टर्नटेबलखाली दीड-दोन इंच जाडीची शहाबादी फरशी आणि फरशीखाली स्पंज नाहीतर अर्धे कापलेले रबरी चेंडू. जडपणा थरथर अडवतो, मऊपणा तिला वर चढू देत नाही. नुसता स्पंज घातला तर डीजेच्या पायाच्या ठोक्याने सुई उडते. मॉनिटर, म्हणजे डीजेला स्वतः ऐकण्यासाठीचा स्पीकर, त्याच टेबलावर ठेवलेला असेल तर तो उचलून वेगळ्या स्टँडवर. आणि एकसारखी ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार मिक्सरच्या मागे लावायची राहिली आहे, हे दहातल्या नऊ वेळा खरं निघतं.

बूथमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मॉनिटरकडे. आयोजकाला वाटतं, हॉलमध्ये एवढे मोठे स्पीकर आहेत, डीजेला आणखी कशाला? त्याचं उत्तर गणितात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद. हॉलचे स्पीकर बूथपासून १२ मीटर लांब असले तर डीजेच्या कानावर येणारा ठोका ३५ मिलिसेकंद शिळा असतो. हेडफोनमधला पुढचा ट्रॅक मात्र ताजा. तो या शिळ्या ठोक्याशी मनापासून जुळवला की प्रत्यक्षात ३५ मिलिसेकंद मागे पडतो. १३० बीपीएमच्या ट्रॅकमध्ये दोन ठोक्यांत अंतर ४६१ मिलिसेकंदांचं. त्यात ३५ म्हणजे फार नाही असं वाटेल, पण समोर नाचणाऱ्यांना एका दणक्याऐवजी ‘दडब्’ असा जोडठोका ऐकू जातो. कुणाला कारण सांगता येणार नाही, पाय मात्र बिचकतात. मैदानात स्पीकर तीस मीटर दूर असतील तर हा फरक ९० च्या आसपास जातो आणि मग कानाने जुळवणं हा निव्वळ अंदाजपंचे कारभार होतो. म्हणून दोन मॉनिटर, डोक्याच्या उंचीला, दोन्ही बाजूंनी कानाकडे वळवलेले, हाताच्या अंतरावर. करारासोबतच्या तांत्रिक मागण्यांत ही ओळ ठळक अक्षरात लिहावी, आणि तरीही संध्याकाळी जाऊन स्वतः बघावी.

लाल दिव्यांचा प्रश्न याच्याच पोटातला. मॉनिटर दुबळा असला की डीजे मिक्सरचा आवाज चढवतो. मीटर हिरव्यातून नारिंगीत आणि नारिंगीतून लालमध्ये जातो. लालमध्ये गेल्यावर आवाज वाढत नाही, लाटेची टोकं सपाट कापली जातात. साउंडवाल्याने स्पीकर वाचवायला पुढे लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र, बसवलेला असतो, तो हे सगळं दाबून आणखी बोथट करतो. लोकांना वाटतं सिस्टीम भिकार आहे. साउंडवाला मग मागून गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करतो, डीजे पुन्हा चढवतो, आणि रात्रभर दोघांची न बोलता मारामारी चालते. यावर एकच तोडगा मला ठाऊक आहे. संध्याकाळी साउंडवाल्याशी आधी ओळख करून घ्यायची, त्याचं नाव लक्षात ठेवायचं, आपला सगळ्यात जोरकस ट्रॅक त्याला ऐकवायचा आणि “दादा, मी याच्या वर जाणार नाही, बाकी तुम्ही सांभाळा,” असं सांगायचं. जो डीजे शब्द पाळतो त्याला तो माणूस हळूच आणखी तीन डेसिबल देतो.

उघड्यावरच्या कार्यक्रमात विजेचं बघावं लागतं. स्पीकर आणि दिवे एकाच जनरेटरवर असले की दिव्यांच्या प्रत्येक झपक्यासरशी आवाजात करकर येते. अर्थिंग धड नसेल तर मिक्सरच्या धातूला हात लावताच मुंग्या येतात, तेव्हा कौतुक न करता हात काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. प्लेअर आणि मिक्सरपुरता एक साधा यूपीएस असला तरी बरंच निभावतं, कारण व्होल्टेज क्षणभर पडलं तर स्पीकर लगेच सावरतात, प्लेअर मात्र नव्याने सुरू होतो आणि तेवढा वेळ मैदानात स्मशानशांतता. निदान ड्राइव्ह हलला किंवा जोडणी तुटली तर प्लेअर आपण होऊन चार मात्रांचा तुकडा घोळवत राहतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या प्लेअरवर काहीतरी चढवायचं. चारच मात्रा पुन्हा पुन्हा ऐकून पब्लिक जोरात ओरडतं, असंही घडतं. त्यांना वाटतं मुद्दाम केलंय.

प्रत्यक्ष वाजवण्यातला बारकावा बाहेरून दिसत नाही. हा संगीतप्रकार आठ, सोळा, बत्तीस मात्रांच्या वीटकामाने उभा राहतो. नवा ट्रॅक आत आणायचा तो जुन्याची नवी वीट सुरू होते तिथे, मध्येच नाही. आणताना त्याचा खर्ज पूर्ण काढलेला असतो, कारण दोन ट्रॅकचे खर्ज एकत्र आले की स्पीकरला दोन्ही पेलत नाहीत आणि ठोका चिखलात रुततो. आधी नव्याची झांज ऐकू येऊ द्यायची, मग हळूहळू मधले सूर. बत्तीस मात्रा अशा काढून नेमक्या पहिल्या ठोक्याला एका हाताने जुन्याचा खर्ज खाली आणि दुसऱ्याने नव्याचा वर. छान जमलं तर कुणाच्या लक्षात येत नाही की गाणं बदललं. फक्त नाचणाऱ्यांचे खांदे थोडे वेगळे हलू लागतात. तीन प्लेअरवर सतत काहीतरी फिरवत राहणारे डीजे बघायला मजा येते. तरी मला वाटतं, ज्याला एक ट्रॅक सात मिनिटं हात न लावता चालू देण्याची हिंमत आहे त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं.

ही हिंमत मात्र वेळेवर अवलंबून आहे, आणि वेळ पुन्हा दुसऱ्याच्या हातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे शांतपणे चाललेल्या गप्पांपेक्षाही कमी. बंद हॉलमध्ये वाजवता येतं, पण मुंबई-पुण्यात दीडला शटर खाली. लोक येतात अकराच्या पुढे. उरतात अडीच तास, त्यात तीन डीजे. प्रत्येकाला सरासरी पन्नास मिनिटं मिळाली की कुणीही वाट बघत नाही. पहिलाच १३५ बीपीएमवर सुरू करतो, दुसऱ्याला त्याच्या वर जावं लागतं आणि साडेबाराला खोली दमलेली असते. आपल्याकडच्या तरुण डीजेंना सावकाश चढणं जमत नाही अशी तक्रार ऐकू येते; त्यांना तास-दीड तास मिळालेलाच नसतो, तर जमणार कुठून? दार उघडताना वाजवणाऱ्याचं काम खरं तर सगळ्यात अवघड. ११८-१२० वर ठेवायचं, आवाज असा की बारवर ऑर्डर देता यावी, मुख्य डीजेच्या हुकमी चिजांना हात लावायचा नाही, आणि तरी खोली रिकामी वाटू द्यायची नाही. याचं मानधन सगळ्यात कमी असतं, हा या धंद्याचा उफराटा न्याय.

गोव्यात दहाच्या नियमातून निघालेली एक वाट म्हणजे हेडफोनवरची पार्टी. पाळोळ्याला ती बरीच वर्षं चालली. प्रत्येकाच्या कानाला वायरलेस हेडफोन, दोन-तीन चॅनेल, तितकेच डीजे. हेडफोनवरच्या दिव्याच्या रंगावरून कोण कुणाला ऐकतोय हे समोर दिसतं. डीजेच्या अहंकाराची एवढी उघड मोजणी दुसरीकडे होत नसेल. शेजाऱ्यांची झोप शाबूत राहते हा तिचा मोठा गुण, पण छातीत घुमणारा खर्ज हेडफोनमधून येत नाही, आणि या संगीताचा अर्धा जीव तिथेच आहे. हणजूण-वागातोरच्या आवाजाचा वाद हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. त्यात रहिवाशांची बाजू चुकीची आहे असं मला वाटत नाही. पहाटे चारपर्यंत खिडकीची तावदानं थरथरत असतील तर संगीत कुठलं आहे याला काय अर्थ?

दुसऱ्या टोकाला बर्लिन. पश्चिम बर्लिनने बंद करण्याची सक्तीची वेळ १९४९ सालीच उठवली. त्यामुळे जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत २००४ पासून चालणारं बेर्गहाइन शनिवारी रात्री उघडतं ते सोमवारी सकाळपर्यंत. तिथे चार तासांची बैठक सर्वसाधारण मानली जाते. इथून पहिल्यांदा तिकडे जाणाऱ्याची गोची अशी होते की दीड तासाची सगळी शिदोरी वाजवून होते आणि घड्याळात अजून अडीच तास उरतात. चार तासांत साठेक ट्रॅक लागतात, आणि त्यातले वीस तरी असे की जे एकट्याने ऐकले तर कंटाळवाणे वाटतील. दोन उंचवट्यांमधली सपाट जमीन तेच देतात. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच सुमारास भाडं न परवडून तिथले क्लब बंदही पडत होते.

तिकडे जायचं तर व्हिसा, आणि त्याहून आधी पासपोर्ट. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची मुदत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. फी जून २०२४ पासून ९० युरो. अर्ज केला की पासपोर्ट तिकडेच अडकतो, म्हणजे त्या दिवसांत दुबई-कोलंबोचं बोलावणं आलं तर हात जोडायचे. मानधन घेऊन वाजवायला परवानगी कोणत्या व्हिसावर मिळते हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून जाऊनही, आधी ठरलेलं आणि निमंत्रणपत्र असलेलं मानधनाचं काम पहिल्या ३० दिवसांत करता येतं. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन वाजवणं चालत नाही, आणि विमानतळावर फोन तपासला तर पोस्टर तिथेच सापडतं. जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के कर आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार कापतात, म्हणजे एकूण १५.८२५ टक्के. हजार युरो ठरले तर हातात ८४१.७५. कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंत असले तर कापत नाहीत. कापल्याचा दाखला आयोजकाकडून त्याच महिन्यात मागून घ्यावा, कारण इथे विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, आणि वर्षभराने मागितला तर तो आयोजक नोकरी सोडून गेलेला असतो.

देशातल्या देशात हिशेब वरवर साधा: दहा टक्के टीडीएस, उलाढाल वीस लाखांवर गेली तर अठरा टक्के जीएसटी, एजंट असला तर त्याचे दहा-पंधरा टक्के. दुखणं आहे ते उधारीचं. रात्री मिठी मारणारा मॅनेजर सोमवारी फोन उचलत नाही. निम्मे पैसे तारीख पक्की होताना आणि निम्मे वाजवायच्या आधी, यापेक्षा चांगली पद्धत अजून निघालेली नाही. ते ओशाळवाणं वाटतं, पण बिल पाठवून साठ दिवस वाट बघणं त्याहून ओशाळवाणं. करारात तिकीट, खोली आणि गाडी यांच्या ओळी नीट वाचाव्यात. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीपासून मोपा. तिकिटावर एकाचं जीओआय आणि दुसऱ्याचं जीओएक्स, फरक शेवटच्या अक्षराचा. गाडी दाबोळीला आणि डीजे मोपाला अशी गंमत होते तेव्हा वागातोरचा कार्यक्रम निभावतो, पाळोळ्याचा नाही, कारण मोपाहून तिथे दोन-अडीच तास लागतात.

शरीराचं काय होतं ते मोजूनच सांगावं. ८५ डेसिबलमध्ये आठ तास कानाला चालतात असं मानलं जातं. दर तीन डेसिबलला ही मुभा निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. बूथमध्ये १०० हा सौम्य दिवस म्हणायचा. शिवाय डीजे एका कानाला हेडफोन लावतो आणि बाहेरच्या आवाजावर मात करायला तो चढवत नेतो, म्हणून बहुतेकांचा तोच कान आधी जातो. कानाच्या साच्यावर बनवलेले १५ डेसिबलचे प्लग घातले की १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. स्वस्त फोमचे प्लग झांजा खाऊन टाकतात आणि खर्ज ठेवतात, मग डीजे झांज चढवतो आणि समोरच्यांचे कान सोलतो. एकदा कानात सुरू झालेली शीळ बऱ्याचदा कायमची राहते, तिच्यावर गोळी नाही. तरीही वयाच्या तिशीपर्यंत प्लगवर पैसे घालणारे कमी दिसतात, हेडफोनवर पंचवीस हजार घालणारे पुष्कळ.

झोपेचा हिशेब आठवड्याचा ठेवावा लागतो. गुरुवारी बंगळुरू, शुक्रवारी पुणे, शनिवारी मुंबई, रविवारी गोवा असा फेरा असला तर दीडला संपून सहाचं विमान, आणि मधल्या वेळात झोप म्हणजे झोपेची थट्टा. खोली दुपारी दोनपर्यंत मिळेल हे आधी ठरवून घ्यायचं. वाजवायच्या आधी संध्याकाळी दीड तासाची एक झोप. त्याहून जास्त घेतली तर जडपणा येतो. कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री एकला घेतलेली कॉफी सकाळी सहाला विमानात निम्मी जागी असते. बारमधून येणाऱ्या फुकट पेल्यांचं गणित याहून सरळ आहे. ते ज्याने त्याने करावं, पण पन्नाशीतही वाजवत असलेल्या डीजेंकडे बघितलं तर त्यांच्या हातात बहुधा पाणी असतं.

जून ते सप्टेंबर उघड्यावरचे कार्यक्रम थांबतात, गोव्यातले शॅक मोडून ठेवले जातात. फिरतीवरच्या माणसाचे हे महिने गाणी शोधण्याचे. लेबलांकडून येणाऱ्या फुकट ट्रॅकचा ढीग उपसण्यापेक्षा बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर एखाद्या लहान लेबलचं जुनं काम सलग ऐकावं आणि विकत घ्यावं. जे सगळ्यांना फुकट येतं ते सगळेच वाजवतात. घेण्याआधी ट्रॅक एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐकावा. बरेच क्लब डाव्या-उजव्याची भानगड नको म्हणून सिस्टीम मोनोत चालवतात, आणि ज्या ट्रॅकचा खर्ज दोन्ही बाजूंना पसरवून मिक्स केलेला असतो त्याच्या लाटा तिथे एकमेकींना खाऊन टाकतात. घरच्या हेडफोनवर अंगावर येणारा तो बेस क्लबात गायब होतो आणि नुसती टिकटिक उरते. बऱ्याच मिक्सरवर मोनो-स्टीरिओचं छोटं बटण असतं. संध्याकाळी ते कुठे आहे ते पाहून ठेवावं.